गिलिक खटला आणि अल्पवयीन मुलींचे संततिनियमन

ब्रिटनमध्ये संततिप्रतिबंधक गोळी १९६१ साली मिळू लागली, ती डॉक्टरच्या चिठ्ठीवरच. साहजिकच ती कोणास द्यावी हा प्रश्न प्रथमपासून डॉक्टरच्या मेजावर येऊन पडला. १९६७ च्या कायद्याने अविवाहितांसही संततिनियमनाचा सल्ला देण्याची मुभा स्थानिक संस्थांना मिळाली, आणि १९६९ च्या कायद्याने सोळा वर्षे पूर्ण झालेल्या व्यक्तीची उपचारास दिलेली संमती ग्राह्य ठरली. सोळा वर्षांखालील मुलींविषयी मात्र स्पष्ट असे काहीच सांगितलेले नव्हते. ही उणीव आरोग्य खात्याने परिपत्रकांनी भरून काढली. पालकांना विश्वासात घेण्याविषयी डॉक्टरने मुलीचे मन वळवावे. तथापि अपवादात्मक प्रसंगी त्यांना न कळविताही साधने द्यावीत, असे १९८० च्या परिपत्रकाचे धोरण होते.

दहा अपत्यांच्या माता व्हिक्टोरिया गिलिक यांनी त्यास आव्हान दिले. १९८३ साली न्या. वुल्फ यांनी दावा फेटाळला. डिसेंबर १९८४ मध्ये अपील न्यायालयाने तो मान्य केला. या न्यायालयाने आधार घेतला तो १८८३ च्या अ‍ॅगर-एलिस प्रकरणाचा. त्या प्रकरणात पित्याचा अधिकार सर्वश्रेष्ठ मानून सोळा वर्षांच्या मुलीला आईच्या सहवासापासून दूर ठेवले गेले होते. आईविरुद्ध वापरलेले शस्त्र शंभर वर्षांनी एका आईच्या कामी यावे, हा विरोधाभास नजरेआड करण्याजोगा नाही.

१७ ऑक्टोबर १९८५ रोजी हाऊस ऑफ लॉर्ड्सने तीन विरुद्ध दोन अशा मतांनी हा निर्णय फिरविला. मुलीची समज पुरेशी परिपक्व झाली की पालकांचा अधिकार तिच्या निर्णयापुढे माघार घेतो, असे लॉर्ड स्कारमन यांनी प्रतिपादिले. याच वाक्यामुळे हा निकाल मुलींच्या स्वातंत्र्याचा जाहीरनामा म्हणून गौरविला जातो. परंतु लॉर्ड फ्रेझर यांनी घातलेल्या पाच अटी पाहाव्यात. मुलीस सल्ला समजतो काय, ही एकच अट तिच्या समजुतीची. पालकांना सांगण्यास तिचे मन वळविता येत नाही, ती शरीरसंबंध ठेवीलच, साधनांवाचून तिच्या प्रकृतीस अपाय संभवतो आणि उपचार तिच्या हिताचा आहे, या उरलेल्या चारही गोष्टी ठरवावयाच्या डॉक्टरने. किंबहुना पित्याच्या हातची किल्ली मुलीच्या हाती न जाता वैद्याच्या हाती गेली, असेच म्हणणे वस्तुस्थितीस धरून होईल. विरोधी मत देणाऱ्यांपैकी लॉर्ड ब्रँडन यांना तर, संबंधित पुरुषाचे कृत्यच गुन्हा असल्याने, पालकांची संमतीही अप्रस्तुत वाटली.

२००६ साली दुसऱ्या एका मातेचे असेच आव्हान न्या. सिल्बर यांनी फेटाळले. २०२१ मध्ये केवळ प्रोजेस्टोजेन असलेल्या काही गोळ्या चिठ्ठीवाचून मिळू लागल्या. त्या देण्यापूर्वीची विचारपूस औषधविक्रेत्याकडे आली.