पिंग : नेटवर्कवरील उपकरणे चालू आहेत का, याची तपासणी

पिंग : नेटवर्कवरच्या एखाद्या पत्त्याकडे लहानसा निरोप धाडून तो परत येतो का, आणि आला तर किती वेळात, हे पाहणारी संगणकीय आज्ञा. संगणक, राउटर, स्विच, प्रिंटर, निगराणी कॅमेरा, थोडक्यात आयपी पत्ता असलेली कोणतीही वस्तू चालू आहे की बंद, याचा पहिला अंदाज जगभर या आज्ञेवरून बांधला जातो. अमेरिकी लष्कराच्या बॅलिस्टिक रिसर्च लॅबोरेटरीतील माइक म्यूस यांनी ती डिसेंबर १९८३ मध्ये लिहिली आणि सोनार यंत्राच्या ध्वनीवरून तिला हे नाव दिले. निरोपाची रचना मात्र त्याआधीच ठरलेली होती. सप्टेंबर १९८१ मध्ये जॉन पोस्टेल यांनी आरएफसी ७९२ या दस्तऐवजात आयसीएमपी नावाचा नियमसंच मांडला. त्यात ‘एको रिक्वेस्ट’ला ८ आणि ‘एको रिप्लाय’ला ० हा प्रकार-क्रमांक आहे. ऑक्टोबर १९८९ च्या आरएफसी ११२२ ने इंटरनेटवरच्या प्रत्येक यंत्राला अशी विचारणा झाल्यास उत्तर देणे बंधनकारक केले. उत्तर आले तर उपकरण चालू, न आले तर बंद, ही सर्वसाधारण समजूत या बंधनावर उभी आहे. तिचा पूर्वार्ध काही मर्यादांसह खरा आहे. उत्तरार्ध बहुतेक वेळा घाईचा असतो, कारण न आलेल्या उत्तराला पुराव्याचे मोल आपोआप मिळत नाही. नेटवर्क सांभाळणाऱ्याने ते आधी घडवावे लागते.

हा फरक किती व्यावहारिक आहे, हे उज्जैनसारख्या शहरात नीट दिसते. २२ एप्रिल ते २१ मे २०१६ या काळात तेथे सिंहस्थ कुंभमेळा भरला. नाशिक-त्र्यंबकेश्वरचा त्याच्या आदल्याच वर्षी होऊन गेला होता. सप्टेंबर २०१६ मध्ये उज्जैनची स्मार्ट सिटी योजनेत निवड झाली. त्याच यादीत नाशिक, नागपूर, ठाणे, औरंगाबाद आणि कल्याण-डोंबिवलीही होते. २०१८ मध्ये मध्य प्रदेशातल्या सात स्मार्ट शहरांसाठी भोपाळ येथे सामायिक नियंत्रण केंद्र सुरू झाले आणि ११ ऑक्टोबर २०२२ रोजी उज्जैनच्या महाकालेश्वर मंदिराभोवतीच्या ‘महाकाल लोक’ या परिसराचे उद्घाटन झाले. पुढचा सिंहस्थ २०२८ मध्ये आहे. घाट, मंदिर परिसर आणि रस्ते यांवर नजर ठेवणारी अशी यंत्रणा म्हणजे खांबाखांबांवर विखुरलेली उपकरणे, आणि त्यांच्यापासून दूर बसून ‘कोणते चालू, कोणते बंद’ हे पडद्यावर पाहणारी माणसे. रामघाटावरच्या एखाद्या कॅमेऱ्यापुढचा हिरवा ठिपका लाल झाला, तर त्या माणसाला नेमके काय कळले? कॅमेऱ्याचा वीजपुरवठा गेला असेल, खांबावरच्या पेटीतला स्विच अडकला असेल, रस्त्याच्या खोदकामात फायबर तुटली असेल, पत्ता बदलला असेल, किंवा कुणी फायरवॉलचा नियम बदलला असेल. पिंगच्या पडद्यावर या सगळ्यांचा मजकूर बहुधा एकच असतो : ‘रिक्वेस्ट टाइम्ड आउट’. ५ मे २०१६ रोजी वादळी पावसात मेळ्यातले मंडप कोसळून माणसे दगावली. अशा तासाला एकाच वेळी अनेक ठिपके लाल झाले, तर कोणते मौन कशामुळे, हा प्रश्न तांत्रिक उत्सुकतेचा राहत नाही. मदत आधी कुठे धाडायची, हे त्यावर अवलंबून असते.

न दिसण्यावरून नसणे कधी ठरवावे, या प्रश्नाचा भारतीय तत्त्वज्ञानात फार बारकाईने विचार झाला आहे, आणि पिंगच्या संदर्भात तो नुसता शोभेचा नाही. भाट्ट मीमांसकांनी अनुपलब्धी हे स्वतंत्र प्रमाण मानले : जमिनीवर घडा दिसत नाही, यावरूनच तेथे घडा नाही हे कळते. मात्र त्यांनी त्याला अट घातली. ती अनुपलब्धी ‘योग्य’ हवी, म्हणजे घडा असता तर तो दिसलाच असता अशी परिस्थिती हवी. अंधाऱ्या खोलीत घडा दिसला नाही, तर त्यावरून काहीच सिद्ध होत नाही. नैयायिकांनी हे वेगळे प्रमाण मानायला नकार दिला, पण योग्यतेची अट त्यांनीही सोडली नाही. पिंगच्या मौनाला हीच कसोटी लावायला हवी : उपकरण चालू असते, तर या घडीला, या वाटेने, या विचारणेला त्याने उत्तर दिलेच असते का? ‘हो’ असे ठामपणे म्हणता आले, तरच लाल ठिपक्याचा अर्थ ‘बंद’ असा होतो.

ही अट मोडण्याच्या जागा पुष्कळ आहेत. पहिली ऐतिहासिक आहे. १९९६ च्या सुमारास ‘पिंग ऑफ डेथ’ उघडकीला आला. तुकड्यातुकड्यांनी पाठवलेला निरोप जोडल्यावर ६५,५३५ बाइटची कमाल मर्यादा ओलांडत असे आणि त्या काळच्या अनेक प्रणाली कोलमडत. पाठोपाठ ‘स्मर्फ’ हल्ल्यात खोट्या पत्त्यावरून साऱ्या जाळ्याला एकदम पिंग करून उत्तरांचा लोंढा भलत्याच यंत्रावर सोडला जाई. या धास्तीतून पिंगला उत्तर न देणे ही शहाणपणाची खूण मानली जाऊ लागली. २००४ मध्ये विंडोज एक्सपीच्या दुसऱ्या सर्व्हिस पॅकने फायरवॉल मुळातच चालू ठेवली आणि कार्यालयांतले असंख्य संगणक चालू असूनही मुके झाले. दुसरी जागा उपकरणाच्या स्वभावात आहे : बॅटरी वाचवण्यासाठी झोपी जाणारा मोबाइल काही निरोपांना उशिरा उत्तर देतो, काहींना देतच नाही. तिसरी वाटेवर आहे. एकाच पेटीतल्या स्विचवर आठ कॅमेरे असतील आणि तो स्विच पडला, तर आठ कॅमेरे बंद पडले असे म्हणणे चूक आहे. एक स्विच बंद पडला आहे आणि आठ कॅमेऱ्यांविषयी आपल्याला काही माहिती नाही. नागिऑस या देखरेख-प्रणालीने हा भेद नावानिशी केला. मधला दुवाच तुटला असेल, तर पलीकडच्या यंत्राला ती ‘डाउन’ म्हणत नाही, ‘अनरीचेबल’ म्हणते. मात्र कोणते यंत्र कुणामागे जोडले आहे, हे माणसाने आधी तिला सांगितलेले असावे लागते. प्रत्यक्षात हे काम पुढे ढकलले जाते. खांब उभे करण्याचे बिल निघते, जोडणीच्या नकाशाचे निघत नाही.

चौथी जागा निव्वळ गणिताची आहे. समजा, हजार कॅमेरे आहेत, दर मिनिटाला प्रत्येकाला एक पिंग जातो आणि शंभरातला एक निरोप काही दोष नसताना वाटेत हरवतो. मग दर मिनिटाला सरासरी दहा खोटे इशारे येतील आणि दोन दिवसांत पडद्यासमोरचा माणूस त्यांकडे पाहणे सोडून देईल. सलग तीन पिंग हरवल्यावरच इशारा द्यायचा ठरवले, तर खोटा इशारा सरासरी हजार मिनिटांतून एकदा, म्हणजे साधारण सतरा तासांनी येईल. हा हिशेब निरोप एकमेकांशी संबंध न ठेवता हरवतात असे धरून केला आहे. प्रत्यक्षात ते घोळक्याने हरवतात, म्हणून तीन पिंग एकापाठोपाठ न मारता त्यांत अंतर ठेवावे लागते.

आलेले उत्तर मौनापेक्षा भक्कम असते, तरी त्याच्याही मर्यादा आहेत. विंडोजमध्ये एक जुना सापळा आहे. शेजारचे यंत्र सापडले नाही, तर कधी आपलाच संगणक किंवा राउटर ‘डेस्टिनेशन होस्ट अनरीचेबल’ असे कळवतो आणि ही तक्रारसुद्धा ‘रिप्लाय फ्रॉम’ म्हणून छापली जाते. शेवटच्या गोषवाऱ्यात चार धाडले, चार मिळाले, नुकसान शून्य टक्के, असे दिसते आणि केवळ गोषवारा वाचणारी आज्ञावली बंद यंत्राला चालू ठरवते. म्हणूनच जाणते लोक उत्तरात ‘टीटीएल’चा, म्हणजे निरोपाला वाटेत आणखी किती टप्पे ओलांडता येतील याचा, आकडा आहे का, हे पाहतात, खऱ्या उत्तरातच तो असतो. पत्ता आपोआप वाटला जात असेल, तर कालचा कॅमेऱ्याचा पत्ता आज प्रिंटरकडे गेलेला असू शकतो आणि प्रिंटर तत्परतेने उत्तर देतो. घरगुती ब्रॉडबँडमध्ये अनेक ग्राहक एकाच सार्वजनिक पत्त्यामागे असतात. बाहेरून त्या पत्त्याला केलेल्या पिंगचे उत्तर सेवा पुरवणाऱ्याचे यंत्र देते, घरातले नव्हे. आणि उत्तर खुद्द कॅमेऱ्याचेच असले, तरी ते त्याच्या प्रणालीच्या नेटवर्क भागाने दिलेले असते. चित्र पाठवणारी प्रक्रिया गोठली असेल, भिंगावर कोळ्याने जाळे विणले असेल किंवा वाऱ्याने कॅमेरा आकाशाकडे वळला असेल, तरी पिंग हिरवाच राहतो.

पिंग वेळही मोजतो. फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो, म्हणून सुमारे १९० किलोमीटरवरच्या भोपाळहून उज्जैनला निरोप जाऊन येण्यास दोन मिलिसेकंदांच्या आसपास वेळ तर लागणारच. त्याहून जास्तीचा वेळ वाटेवरची यंत्रे घेतात. या मोजणीत दोन्ही टोकांची घड्याळे जुळलेली असण्याची गरज नसते, कारण निघाल्याची आणि परतल्याची वेळ एकच घड्याळ नोंदवते. दोन दूरच्या ठिकाणांची वेळ जुळवणे किती अवघड, हे उज्जैनइतके कोणत्या गावाला ठाऊक असणार! भारतीय ज्योतिषाची मध्यरेषा याच शहरावरून जाते. सूर्यसिद्धान्तात या रेषेपासूनचे अंतर काढण्यासाठी चंद्रग्रहणाची गणिताने आलेली आणि प्रत्यक्ष दिसलेली वेळ ताडून पाहण्याची रीत सांगितली आहे. सवाई जयसिंहाने येथे बांधलेली वेधशाळा १९२३ मध्ये माधवराव शिंदे यांनी दुरुस्त करून घेतली. पिंगने ही अडचण सोडवलेली नाही, फक्त टाळली आहे, आणि त्याची किंमतही मोजली आहे. उशीर जाताना झाला की येताना, निरोप जाताना हरवला की उत्तर परतताना, हे त्याला सांगता येत नाही. कॅमेऱ्यापर्यंत विचारणा पोचली, त्याने उत्तरही दिले, पण परतीच्या वाटेवरच्या राउटरला भोपाळचा रस्ता ठाऊक नव्हता, तरी भोपाळच्या पडद्यावर दोष कॅमेऱ्याच्या नावावर लागतो.

यावर साधा आक्षेप असा की, मग पिंगच्या नादी कशाला लागायचे? थेट कॅमेऱ्याचे चित्र येते का, संकेतस्थळाचे पान उघडते का, हेच तपासावे. अंतिम निकालासाठी हे योग्यच आहे आणि चांगल्या देखरेखीत ही तपासणी असतेच. पण चित्र येत नाही एवढेच कळले, तर दोष उपकरणात की वाटेत, हे उरतेच. चित्र नाही पण पिंग येतो, म्हणजे वाट शाबूत आहे आणि कॅमेरा नव्याने चालू करून पाहता येईल. पिंगही नाही, पण पेटीतल्या स्विचचा येतो, म्हणजे माणसाला शिडी घेऊन त्याच खांबाकडे जायला हवे. पिंगचा खरा उपयोग असा टप्प्याटप्प्याने दोषाची जागा आवळत नेण्यात आहे, हजेरीपत्रक भरण्यात नाही. दुसरा आक्षेप सुरक्षेचा : उत्तर देणारे यंत्र स्वतःचा ठावठिकाणा सांगते, म्हणून पिंग बंदच असावा. अनोळखी जगाकडे तोंड असलेल्या यंत्रांपुरते यात तथ्य आहे. पण मुके राहिल्याने यंत्र लपत नाही, त्याची उघडी पोर्ट शोधणारे शोधतातच. आणि आतल्या जाळ्यात सरसकट मौन लादले, तर आंधळा होतो तो राखणदार. देखरेख करणाऱ्या यंत्राच्या पत्त्यालाच उत्तराची मुभा देणे आणि उत्तरांच्या वेगावर मर्यादा घालणे, यांनी धोका पुरेसा आवरतो.

तिसरा आक्षेप अनुभवी कामगारांचा आहे आणि तो सगळ्यांत वजनदार आहे : पिंग जात नाही म्हणजे उपकरण गेले, हा ठोकताळा रोजच्या कामात बहुतेक वेळा बरोबर निघतो. निघतो, पण कुठे? जेथे पत्ते कायमचे नेमलेले आहेत, फायरवॉलचे नियम माहीत आहेत आणि तेच उपकरण महिनोन्‌महिने न चुकता उत्तर देत आले आहे, तेथे. म्हणजे मीमांसकांची अट तेथे आधीच पुरी झालेली असते. न बोलता, सवयीने. तोच ठोकताळा मेळ्यासाठी घाईने उभारलेल्या जाळ्याला लावला, तर चुकू लागतो, कारण त्या उपकरणांच्या वागण्याचा पूर्वेतिहासच नसतो. त्यामुळे मेळा सुरू होण्याआधी काही आठवडे प्रत्येक उपकरणाच्या उत्तरांची नोंद ठेवणे हा कागदी सोपस्कार नव्हे. पुढच्या मौनाला अर्थ येतो तो या नोंदीमुळे.

पिंगला उत्तर न देणारे यंत्र त्याच स्थानिक जाळ्यात असेल, तर एआरपी या खालच्या पातळीवरच्या विचारणेने ते बहुधा उघडे पडते. या पत्त्याचे यंत्र कोणते, या प्रश्नाला उत्तर दिल्याशिवाय त्याला कोणाशी संवादच करता येत नाही, म्हणून साधी फायरवॉल ती विचारणा अडवत नाही. राउटरपलीकडे एआरपी जात नाही; तेथे एखाद्या ज्ञात पोर्टवर जोडणी करून पाहावी लागते, आणि जोडणी नाकारली गेली तरी नकार देणारे कुणीतरी जागे आहे, एवढे कळते. आयपीच्या सहाव्या आवृत्तीत एआरपी नाही. शेजारच्या यंत्राचा शोध आयसीएमपीच्या नव्या आवृत्तीतूनच घेतला जातो, म्हणून तेथे आयसीएमपी सरसकट बंद केले तर पिंगबरोबर सारे जाळेच बंद पडते.