लिनक्स इन्स्टॉलरमधील बूट-बिघाड

स्वतः बांधलेल्या लिनक्स वितरणाची आयएसओ प्रतिमा पेनड्राइव्हवर उतरवल्यावर संगणक तिच्यातून सुरूच न होणे, किंवा सुरू होता होता मध्येच थांबणे. डेबियनचे लाइव्ह-बिल्ड किंवा फेडोराचे लोरॅक्स वापरून प्रतिमा विनातक्रार तयार होते. ती बूट होईलच असे त्यावरून ठरत नाही.

फर्मवेअर बूटलोडरला उठवते, बूटलोडर कर्नल व इनिट्रॅमएफएस मेमरीत आणतो, इनिट्रॅमएफएस माध्यम शोधून त्यावरची स्क्वॉशएफएस फाइल माउंट करते आणि त्यानंतरच इन्स्टॉलर दिसतो. यांपैकी कोणता टप्पा नीट पार पडला, हा निदानातला पहिला प्रश्न. पडद्यावरच्या शेवटच्या ओळीत बहुधा परिणाम असतो. कारण त्याच्या बरेच आधी घडून गेलेले असते.

फर्मवेअरच्या टप्प्यावरचे बिघाड ओळखायला सोपे. सीडीवरून बूट करताना बायोस १९९५च्या ‘एल टोरिटो’ संकेतानुसार चालते, पेनड्राइव्हवर मात्र पहिल्या सेक्टरमधला एमबीआर पाहते. म्हणून प्रतिमा संकरित असावी लागते. तशी नसेल तर व्हर्च्युअल यंत्रात सीडी म्हणून व्यवस्थित चालणारी फाइल खऱ्या लॅपटॉपवर पेनड्राइव्हमधून उठत नाही. यूईएफआयला फॅट विभागातली ‘बूटएक्स६४.ईएफआय’ ही फाइल ‘ईएफआय/बूट’ या ठरलेल्या जागीच हवी असते. सिक्युअर बूट चालू असेल तर मायक्रोसॉफ्टची सही असलेला शिम पुढे ग्रबची आणि कर्नलची सही तपासतो. घरी बांधलेल्या कर्नलवर मान्य सही नसल्याने तो नाकारला जातो. अशा वेळी स्वतःची किल्ली यंत्रात नोंदवावी किंवा चाचणीपुरते सिक्युअर बूट बंद ठेवावे.

सर्वाधिक दिशाभूल करतो तो ‘व्हीएफएस: अनेबल टु माउंट रूट एफएस ऑन अननोन-ब्लॉक(०,०)’ हा पॅनिक संदेश. तो वाचून माणूस डिस्क आणि ‘रूट=’ पर्याय तपासत बसतो. इनिट्रॅमएफएस ही पद्धत २००२ साली कर्नलच्या २.५.४६ आवृत्तीत आली. तीनुसार कर्नल सीपीआयओ संग्रह उलगडतो आणि त्याच्या मुळाशी ‘इनिट’ ही फाइल शोधतो. ती मिळाली नाही, तरच तो जुन्या वाटेने रूट डिस्क शोधू लागतो, आणि इन्स्टॉलरला तशी डिस्क नसल्यामुळे पॅनिक होतो. म्हणजे दोष बहुतेकदा इनिट्रॅमएफएसमध्ये किंवा ती मेमरीत आणण्यात असतो. ग्रबच्या मेनूत ‘इनिटआरडी’ची ओळ राहून गेलेली असते, संग्रह झेडएसटीडीने आवळलेला असतो, पण कर्नल बांधताना ती सोय घेतलेली नसते, सीपीआयओचा ‘न्यूसी’ प्रकार निवडलेला नसतो, किंवा संग्रह एक डिरेक्टरी वरून बनवल्याने ‘इनिट’ एक पायरी खाली गेलेली असते.

‘इनिट’ सापडते पण चालत नाही, तेव्हा कर्नल त्रुटीचा आकडा देतो आणि तो आकडा फार मोलाचा आहे. उणे १३ म्हणजे फाइलला चालवण्याची परवानगी नाही. उणे ८ म्हणजे फाइल दुसऱ्या प्रकारच्या प्रोसेसरसाठी बांधलेली आहे किंवा स्क्रिप्टची शिबँग ओळ सुटली आहे. उणे २ म्हणजे ‘फाइल नाही’, आणि फाइल तर डोळ्यांसमोर असते! तिथे गहाळ असतो तो तिला चालवणारा: स्क्रिप्टचा शेल किंवा डायनॅमिक लिंक केलेल्या बिझीबॉक्सचा लोडर. विंडोजवर संपादित केलेल्या स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीअखेर चिकटलेले अदृश्य चिन्हही हीच त्रुटी देते.

पुढचा टप्पा माध्यम सापडण्याचा. डेबियनच्या लाइव्ह-बूटमध्ये ‘लाइव्ह फाइल सिस्टिम असलेले माध्यम सापडले नाही’ अशा अर्थाचा संदेश येतो. कर्नल नवा आणि इनिट्रॅमएफएसमधली मॉड्यूल जुन्या आवृत्तीची असतील, तर यूएसबी, लूप किंवा स्क्वॉशएफएसचे ड्रायव्हर लोडच होत नाहीत. फेडोरा घराण्यात ड्रॅकट माध्यम लेबलवरून शोधते. प्रतिमा पुन्हा बांधताना लेबल बदलले आणि बूट ओळीत जुनेच राहिले, की ड्रॅकट वाट पाहून पाहून आपत्कालीन शेलमध्ये येते. लेबलमध्ये मोकळी जागा ठेवूच नये.

तपासाला क्यूईएमयू उत्तम. त्याला कर्नल आणि इनिट्रॅमएफएस थेट दिल्यास बूटलोडर वगळला जातो; तेवढ्याने यंत्र पुढे गेले तर दोष ग्रबकडे किंवा प्रतिमेच्या रचनेत शोधावा. यूईएफआयची चाचणी ओव्हीएमएफ फर्मवेअरने करावी. बूट ओळीतून ‘क्वायट’ आणि ‘स्प्लॅश’ काढून ‘कन्सोल=टीटीवायएस०,११५२००’ जोडल्यास सर्व संदेश सिरियल पोर्टवर मिळतात व फाइलमध्ये साठवता येतात. पॅनिकनंतर वर सरकून गेलेल्या ओळी अन्यथा हाती लागत नाहीत, आणि खरे कारण त्यांतच असते. डेबियनमध्ये ‘ब्रेक=प्रीमाउंट’, तर ड्रॅकटमध्ये ‘आरडी.ब्रेक=प्री-माउंट’ दिल्यास माउंट करण्याआधीच शेल मिळतो. तिथे ‘डीमेसेज’ आणि ‘प्रोक’खालची विभागांची यादी पाहावी. यादीत पेनड्राइव्ह नसेल तर ड्रायव्हर तपासावेत. काही सेकंदांनी तो दिसू लागला तर उपकरण उशिरा जागे होत आहे, आणि त्यासाठी ‘रूटडिले’ वाढवून पाहावा.