पहाट कोणाची?

लवकर निजून लवकर उठण्याची म्हण आपण सगळ्यांनी शाळेत पाठ केली. ज्ञान, आरोग्य आणि संपत्ती, तिन्हींची ती ग्वाही देते. आमच्या उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर पट्ट्यात माणसे पिढ्यान्‌पिढ्या पहाटे उठतात. पण तिन्ही गोष्टी सर्वांच्या पदरात पडल्या असे काही दिसत नाही. असे का, हे समजायला थोडा इतिहास पाहावा लागतो.

अंबरनाथच्या शिवमंदिरातला शिलालेख शके ९८२ चा, म्हणजे इसवी सन १०६० चा. काळ शिलाहारांचा. तेव्हा दिवस सूर्याबरोबर सुरू होई. झुंजूमुंजू झाले की जाते फिरे, गोठा जागा होई. हिवाळ्यात दिवस उशिरा उजाडे, तसे कामही उशिरा सुरू होई.

१८५४ मध्ये रेल्वे कल्याणला आली आणि १८५६ मध्ये अंबरनाथ, बदलापूरवरून पुढे खोपोलीकडे गेली. गाडी सूर्यासाठी थांबत नाही. पुढे १९०६ मध्ये देशभर एकच प्रमाणवेळ ठरली. ती मुंबईच्या स्थानिक वेळेपेक्षा ३९ मिनिटे पुढे होती. सूर्य होता तिथेच राहिला, पण कामाची वेळ तेवढी अलीकडे ओढली गेली. मुंबईच्या गिरणी कामगारांनी त्या जानेवारीत याविरुद्ध निदर्शने केली. आपली झोप कोण घेतो आहे, हे त्यांना नेमके कळले होते. मुंबई शहरानेही आपली जुनी वेळ पुढे कित्येक वर्षे सोडली नाही.

१९२० च्या दशकात अंबरनाथला विमकोचा काडेपेट्यांचा कारखाना आला आणि स्वातंत्र्यानंतर शस्त्रास्त्रांचाही. कारखाना आला की पाळी आली, भोंगा आला. पहाट आता मालकाची झाली.

फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणीत सुमारे १ लाख सिंधी निर्वासित आले. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांनी इथे नव्या वसाहतीची कोनशिला बसवली आणि छावणीचे उल्हासनगर झाले. बराकीत राहून, घरी पापड-मिठाई करून, ती गाड्यांतून विकत अनेकांनी पुन्हा संसार उभा केला. तीही माणसे अंधारातच उठत. पण कष्ट त्यांच्या स्वतःच्या धंद्यासाठी होते. पहाटेने संपत्ती दिली असेल, तर ती अशी.

आज बदलापूरहून मुंबईला जाणारी बाई डबे भरून पहाटेची लोकल गाठते. तिला लवकर उठण्याचे फायदे कोणी सांगू नयेत. तिला हवी आहे पुरेशी झोप आणि बसायला जागा.

मी स्वतः फजरच्या नमाजला उठतो. ही वेळ सूर्यानुसार ठरते, त्यामुळे मशिदीतल्या फलकावरचे आकडे वर्षभर थोडेथोडे सरकत असतात. नमाजनंतर लोकलच्या वेळेपर्यंत जो अर्धा तास उरे, त्यातच माझ्या बहुतेक कविता लिहून झाल्या. त्या अर्ध्या तासावर साहेबाचा हक्क नव्हता आणि घड्याळाचाही फारसा नव्हता.

म्हणून एवढेच सुचवतो. रात्री वेळेवर निजता येत असेल, तरच लवकर उठा. उठलात तर पहिली पंधरा मिनिटे तरी कोणाला देऊ नका. फिरा, वाचा, नुसते ओट्यावर बसा. आणि घरातल्या बाईलाही ती पंधरा मिनिटे मिळावीत म्हणून चहा तुम्ही टाका.