कृत्रिम स्तनाची दीडशे वर्षे

इतिहासाचा अध्यापक नभोवाणीवर बोलायला आला म्हणजे तो एखाद्या लढाईविषयी किंवा तहाविषयी बोलणार, अशी आपली अपेक्षा असते, आणि ती वाजवीही आहे. मी आज बोलणार आहे ते एका लहानशा वस्तूविषयी. ही वस्तू कपड्यांच्या आत राहते. कुठल्या पदार्थसंग्रहालयात ती मांडलेली मी पाहिली नाही, आणि घरातही तिच्याविषयी कुणी मोठ्याने बोलत नाही. कर्करोगामुळे स्तन काढून टाकल्यावर त्या जागी स्त्रिया जी उशी किंवा गादी वापरतात, तिची ही हकीकत आहे.

या विषयाकडे मी वळलो तो माझ्या थोरल्या आत्यामुळे. १९९३ साली तिच्यावर ही शस्त्रक्रिया झाली. मी तेव्हा शाळेत होतो. आत्या इस्पितळातून घरी आली ती दोन्ही खांद्यांवरून पदर घेऊन, आणि तसाच पदर घेण्याची सवय तिने पुढे कायम ठेवली. एवढेच मला दिसले. आमच्या घरात त्या आजाराचे नाव निघत नसे. ‘आत्याचं ते ऑपरेशन’ असे म्हणून सगळे गप्प बसत. आत्या २०१६ साली वयोमानाने गेली. तिची ट्रंक आवरताना तळाशी एका जुन्या रुमालात बांधलेल्या चार लहान उश्या मला मिळाल्या. सुती लुगड्याच्या मऊ झालेल्या कापडाच्या, बारीक टाक्यांनी शिवलेल्या. हातात घेतल्या तेव्हा एकीत नुसता कापूस लागला, पण दुसरीच्या तळाशी काहीतरी दाणेदार होते. उसवून पाहिले, तर राळे!

या राळ्यांचा उलगडा मला माझ्या आईकडून झाला. त्याआधी जरा मागे जाऊ.

स्तनाचा कर्करोग हा माणसाला फार जुन्या काळापासून माहीत असलेला रोग आहे. त्यावर शस्त्र चालवण्याचे धाडसही जुनेच. पण भूल नव्हती तोवर हे धाडस किती भयंकर होते याची साक्ष एका लेखिकेने लिहून ठेवली आहे. इंग्रज कादंबरीकार फॅनी बर्नी हिची शस्त्रक्रिया पॅरिसमध्ये ३० सप्टेंबर १८११ रोजी झाली. नेपोलियनच्या सैन्याचे विख्यात शल्यवैद्य लारे हे त्या वेळी हजर होते. भूल म्हणून काय, तर थोडेसे मद्य. तोंडावर पातळ रुमाल टाकला होता आणि त्यातून शस्त्राची चकाकी तिला दिसत होती! पुढे आपल्या बहिणीला लिहिलेल्या लांबलचक पत्रात तिने हे सारे नोंदवले. बाई त्यानंतर २८ वर्षे जगल्या. त्याच्याही आधी, १८०४ साली, जपानमध्ये हानाओका सेइशू या वैद्याने वनस्पतींपासून केलेले औषध पाजून, रोगी स्त्रीला पूर्ण बेशुद्ध करून अशी शस्त्रक्रिया केली होती. पण जपानची दारे तेव्हा जगाला बंद होती. पश्चिमेकडे ईथरची भूल आली ती १८४६ साली.

भूल आली, मागोमाग जंतुनाशके आली आणि शल्यवैद्यांचा हात मोकळा झाला. बाल्टिमोरचे विल्यम हॅल्स्टेड यांनी १८९४ साली आपली पद्धत प्रसिद्ध केली. स्तन, त्याखालचे छातीचे स्नायू आणि काखेतल्या गाठी, सगळे एकत्र काढायचे. रोगाचे मूळ राहू नये, हा हेतू. त्या काळी पुष्कळ रोगी फार उशिरा येत, हेही ध्यानात ठेवले पाहिजे. पुढची सत्तर-पाऊणशे वर्षे या पद्धतीचेच राज्य होते. पण तिची किंमत काय होती? बरगड्यांवर केवळ पातळ कातडी उरे. गळ्याच्या हाडाखाली खळगा पडे. कित्येकींचा हात सुजे आणि वर उचलता येत नसे. म्हणजे आता गरज होती ती नुसती गेलेला उंचवटा दाखवण्याची नव्हे. तो खळगा भरायचा, नाजूक कातडीला टोचायचे नाही, आणि सुजलेल्या हाताच्या खांद्यावर भारही टाकायचा नाही. हे काम वाटते तितके सोपे नाही.

अमेरिकेत फ्रेडरिक कॉक्स नावाच्या गृहस्थाने १८७४ साली उरावर लावायच्या उशीचे पेटंट घेतले. सुती आवरणात हवा भरलेली रबरी गादी, अशी ती रचना. कृत्रिम स्तनाचा कागदोपत्री इतिहास येथून मोजायला हरकत नाही. मात्र बहुतेक बायकांच्या वाट्याला पेटंटाची वस्तू आली नाही. त्यांनी घरीच कापूस, चिंध्या, लोकर घेऊन काम भागवले. हवा भरलेल्या किंवा कापसाच्या उशीचा दोष एकच, ती हलकी असते. हात वर केला की ती सरकून गळ्याशी येते. मग तिला खाली धरून ठेवायला वजन हवे. अमेरिकेतल्या बायकांनी यावर उपाय शोधला तो पाखरांना घालायच्या दाण्यांचा. उशीत मूठभर दाणे भरायचे. माझी आत्या इंग्रजी जाणत नव्हती आणि तिने अमेरिका नकाशातसुद्धा शोधली नसती. पण फडताळातून डबा काढताना उशी वर सरकते हे तिच्याही लक्षात आले आणि तिने राळे भरले. गरज एक असली की अक्कलही एकाच वाटेने जाते, ती अशी.

आई म्हणाली, “घामानं ते राळे दमट व्हायचे रे. मग वास यायचा. पंधरा दिवसांनी उसवायचे, नवे घालायचे. म्हणून तर चार करून ठेवल्या होत्या तिनं.”

मी विचारले, “पण दवाखान्यात कुणी काही सांगितलं नाही का तिला?”

“सांगतंय कोण? वन्सं म्हणायच्या, ‘डॉक्टरांनी जीव वाचवला, त्यांचे उपकारच आहेत. पण टाके काढल्यावर पोलकं कसं घालायचं, एवढं तरी कुणी सांगायचं होतं की नाही?’”

श्रोतेहो, हे वाक्य मी विसरू शकलो नाही. कारण १९९३ सालापर्यंत या प्रश्नाची उत्तरे जगात सापडली होती. ती फक्त आमच्या आत्यापर्यंत पोचली नव्हती.

ही उत्तरे शोधली कुणी? मुख्यतः ज्यांच्यावर वेळ आली त्या बायकांनीच. न्यूयॉर्कमधल्या टेरेसे लॅसर यांची शस्त्रक्रिया १९५२ साली झाली. हात कसा हलवायचा, कपडे कसे घालायचे, नवऱ्याशी आणि मुलांशी काय बोलायचे, असे शंभर प्रश्न त्यांना पडले आणि उत्तर द्यायला कुणी नाही. तेव्हा बऱ्या झाल्यावर त्या स्वतःच इतर रोगी बायकांच्या खाटांशी जाऊन बसू लागल्या. बरोबर व्यायामासाठी दोरी, रबरी चेंडू आणि एक हलकी तात्पुरती उशी. डॉक्टर मंडळींना ही लुडबुड वाटली, काहींनी विरोधही केला. पण बाई हटल्या नाहीत. त्यांच्या या ‘रीच टू रिकव्हरी’ उपक्रमाला १९६९ साली अमेरिकन कॅन्सर सोसायटीने आपल्या पंखाखाली घेतले, आणि तो पुढे अनेक देशांत गेला.

दुसरी बाई आपल्याला वेगळ्या कारणाने ठाऊक असेल. लहान मुलींची ती प्रसिद्ध बार्बी बाहुली १९५९ साली बाजारात आणणाऱ्या रूथ हँडलर. १९७० साली त्यांचा डावा स्तन काढावा लागला. बाजारात मिळणाऱ्या वस्तू पाहून त्यांना संताप आला. ओबडधोबड गोळा, आणि डाव्या-उजव्याचा भेदच नाही! पायातल्या जोड्यालासुद्धा डावा-उजवा असतो, मग याला का नसावा? बाहुल्यांच्या धंद्यात मुरलेल्या या बाईंनी एका कारागिराला हाताशी धरून सिलिकॉनचा नवा स्तन तयार केला, डावा वेगळा आणि उजवा वेगळा, निरनिराळ्या मापांत, आणि त्याचा व्यवसाय उभारला. मापे घेण्यासाठी दुकानांत त्यांनी अशाच शस्त्रक्रियेतून गेलेल्या बायका नेमल्या. १९७४ साली अमेरिकेचे अध्यक्ष फोर्ड यांच्या पत्नी बेटी फोर्ड यांची शस्त्रक्रिया झाली आणि त्यांनी ती लपवली नाही. त्यांनाही पुढे हँडलर यांनीच माप घेऊन स्तन बसवून दिला. अध्यक्षाची बायको उघड बोलते म्हटल्यावर हजारो घरांत हा शब्द पहिल्यांदा उच्चारला गेला.

सिलिकॉनने काय साधले? त्याचे वजन अंगाच्या वजनासारखे, स्पर्श मऊ, आणि अंगाच्या उबेने ते उबदार होते. कंचुकीला आतून खिसा शिवून त्यात ते ठेवले की सरकत नाही. पण त्याचेही त्रास आहेत. ते जड असते, त्यामुळे पट्टा खांद्यात रुततो. त्याखाली घाम साचतो. आपल्या वैशाखात तर विचारायलाच नको. आणि ते महागही आहे. म्हणून अलीकडच्या वर्षांत गंमत अशी झाली की गाडी फिरून पुन्हा सुताकडे आली. टोरांटोच्या बेरिल त्सांग यांनी २००५ साली विणलेल्या स्तनाचा नमुना प्रसिद्ध केला. २०११ पासून अमेरिकेत हौशी विणणाऱ्या बायका असे हलके, धुता येणारे स्तन विणून रोग्यांना फुकट देऊ लागल्या, आणि आपल्या महाराष्ट्रातही बायकांनी सुया हाती घेऊन हे काम चालवले आहे. माझ्या आत्याला हे पाहून किती आनंद झाला असता!

येथवरची कहाणी सोयीची झाली. पण तिला दुसरी बाजू आहे आणि ती सांगितल्यावाचून राहणे अप्रामाणिकपणाचे होईल.

ऑड्रे लॉर्ड ही अमेरिकेतली निग्रो वंशाची, किंवा आजच्या शब्दांत सांगायचे तर कृष्णवर्णीय कवयित्री. १९७८ साली तिचा एक स्तन काढला. तिलाही कुणीतरी तत्परतेने लोकरीची उशी आणून दिली. तिने ती लावून पाहिली आणि काढून ठेवली. पुढे ती तपासणीला गेली तेव्हा परिचारिकेने तिला बजावले, उशी लावूनच येत जा, नाही तर इथल्या वातावरणावर वाईट परिणाम होतो! लॉर्ड चकित झाली. ज्या जागी सगळ्या बायका याच दुखण्याच्या, तेथेही लपवायचे? मग १९८० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकात तिने एक मार्मिक प्रश्न केला. इस्रायलचे सेनानी मोशे दायान एका डोळ्यावर काळी पट्टी बांधून जगभर हिंडतात. त्यांना कुणी काचेचा डोळा बसवा म्हणून सांगत नाही. उलट वीर म्हणून मान देतात. मग बाईच्याच बाबतीत ही उशी सक्तीची का?

या प्रश्नापाशी मी पुष्कळ थांबलो. आत्या ती उशी लावी ती कुणासाठी? स्वतःच्या सुखासाठी, की आम्हा घरातल्यांना संकोच वाटू नये म्हणून? आईला विचारले. तिने जरा विचार करून सांगितले, “लग्नकार्याला, हळदीकुंकवाला लावायच्या. घरी आम्ही दोघीच असलो की काढून फडताळात ठेवायच्या आणि म्हणायच्या, ‘आता बरं वाटतं.’” म्हणजे लॉर्ड आणि हँडलर या दोघींचेही म्हणणे माझी आत्या आपल्यापुरते एकाच दिवसात पाळत होती. लोकांत मिसळताना तिला उशीचा आधार वाटे. घरी ती नसण्यात आराम वाटे. दोन्ही गोष्टी खऱ्या. हरकत असलीच तर एका गोष्टीला आहे. घरी आम्ही मुले किंवा पुरुष असलो की ती उशी काढत नसे. आमच्या संकोचाचे ओझे तीच वाहत होती, राळ्यांच्या ओझ्याबरोबर.

शल्यशास्त्रही या काळात थांबलेले नव्हते. इटलीत उंबेर्तो वेरोनेसी यांनी १९८१ साली आणि अमेरिकेत बर्नार्ड फिशर यांनी १९८५ साली दाखवून दिले की रोग लवकर सापडला तर गाठ तेवढी काढून क्ष-किरणांचे उपचार दिले, तरी रोगी तितकीच वर्षे जगतो. सरसकट सगळा स्तन काढण्याची गरज नाही. हॅल्स्टेडची पद्धत मागे पडली. आता शस्त्रक्रियेने नवा स्तन घडवताही येतो. पण आपल्या देशात आजही अनेक बायका फार उशिरा डॉक्टरकडे जातात. लाजेने जातात उशिरा, घरातल्यांच्या दुर्लक्षाने जातात उशिरा. मुंबईत परळला टाटा स्मारक रुग्णालय १९४१ साली उघडले. उपचारांची सोय तेव्हापासून आहे, वाढतेही आहे. मात्र आजार अंगावर काढल्यावर स्तन वाचवण्याची संधी हातची जाते. तेव्हा या उशीची गरज इतक्यात संपणारी नाही.

मग आपण काय करावे? मी वैद्य नव्हे, इतिहास शिकवणारा माणूस आहे. पण या दीडशे वर्षांच्या कहाणीतून दोन साध्या गोष्टी दिसतात. एक, रोगी बाई घरी जाण्यापूर्वी तिला कुणीतरी नीट सांगावे की अशी वस्तू असते, कापसाची, विणलेली, सिलिकॉनची. जखम भरेपर्यंत हलकी वापरावी, पुढे डॉक्टरांना विचारून हवी ती निवडावी. आणि दुसरी, तिला वापरायची नसेल तर घरातल्या कुणीही भुवई उंचावू नये. सुख कशात आहे ते तिचे तिला ठरवू द्यावे.

आत्याच्या त्या चार उश्यांपैकी तीन आईने जपून ठेवल्या आहेत. राळ्यांची, मी उसवलेली, ती मी मागून घेतली. तिचे टाके मात्र मला पुन्हा घालता आले नाहीत.