पेंटर, चित्रकार आणि रंगाचा डबा

मराठीत 'पेंटर' आणि 'चित्रकार' असे दोन वेगळे शब्द आहेत. चित्रकार जहांगीर आर्ट गॅलरीत असतो, पेंटर शिडीवर असतो. दुकानाची पाटी, टेम्पोच्या पाठीवरचं '७८६', गणेश मंडळाचा पडदा, निवडणुकीतली भिंत, हे सगळं पेंटरचं काम. माझे मामू पेंटर होते. पिंपरी कॅम्पातल्या आणि चिंचवड स्टेशनच्या आजूबाजूच्या कित्येक पाट्या त्यांच्या हातच्या होत्या. मी चाकणला मोटारींच्या कारखान्यात पेंट शॉपला आहे, म्हणून मोहल्ल्यात मलाही कुणीकुणी पेंटर म्हणतं. खरं तर रंग रोबो मारतो. मी फक्त दिव्याखाली उभा राहून कुठे ओघळ आलाय, कुठे संत्र्याच्या सालीसारखा पोत उठलाय, ते बघतो.

त्यामुळे 'आधुनिकतावादानंतर पेंटिंगला कला म्हणून काही अर्थ उरला आहे का' हा प्रश्न वाचनात आला की मी जरा वेगळ्या बाजूने त्याच्याकडे बघतो. कलेच्या पुस्तकांत हा प्रश्न कॅनव्हासबद्दल असतो. आमच्याकडे तो २००० च्या आसपास फ्लेक्सच्या मशीनवर बसून आला आणि दोन-तीन वर्षांत निकाल लावून मोकळा झाला. मामूंनी ब्रश ठेवला तेव्हा त्यावर कुणी निबंध लिहिला नाही.

युरोपात चित्रकलेच्या मरणाची घोषणा बऱ्याच वेळा झाली आहे. १८३९ मध्ये फोटोग्राफी आली तेव्हा पॉल दलारोश हा चित्रकार 'चित्रकला आजपासून मेली' असं म्हणाल्याचं सांगतात. १९१८ नंतर मार्सेल द्युशाँने कॅनव्हास जवळजवळ सोडून दिला, कारण त्याच्या मते कलाकाराने वस्तू निवडली तरी पुरे होतं. १९२१ मध्ये मॉस्कोत अलेक्झांडर रोदचेंकोने तीन कॅनव्हास मांडले, एक पूर्ण लाल, एक पूर्ण पिवळा, एक पूर्ण निळा. यापुढे जायला जागाच नाही, असा त्याचा दावा होता. त्याने खरोखर रंगकाम सोडून फोटो आणि पोस्टरकडे मोर्चा वळवला. १९८१ मध्ये डग्लस क्रिम्प या समीक्षकाने 'चित्रकलेचा अंत' याच नावाचा लेख लिहिला. रोदचेंकोचं वाचताना मला दर वेळी हसू येतं. आमच्या लाइनवर दर काही मिनिटांनी एक पूर्ण लाल किंवा पूर्ण पांढरी बॉडी ओव्हनमधून बाहेर पडते आणि कुणीही कशाचा अंत जाहीर करत नाही.

पण मोटारीच्या रंगाचं आणि आधुनिक चित्रकलेचं नातं नुसत्या गमतीचं नाही. अमेरिकेत १९२० च्या दशकात मोटारींसाठी लवकर वाळणारा नायट्रोसेल्युलोजचा रंग निघाला, 'ड्यूको' नावाचा. मेक्सिकोच्या सिकेरोसने १९३६ साली न्यूयॉर्कमध्ये एक कार्यशाळा काढली आणि तिथे हा मोटारीचा रंग स्प्रे गनने उडवून, ओतून, सांडून बघायला पोरांना लावलं. त्या पोरांत जॅक्सन पोलॉक होता. पुढे १९४७ च्या सुमारास त्याने कॅनव्हास जमिनीवर अंथरून त्यावर डब्यातला बाजारू एनॅमल रंग ओघळवायला सुरुवात केली. म्हणजे ज्या ओघळासाठी मी गाडी परत पाठवतो, तो ओघळ तिथे चित्र झाला.

त्याच १९४७ साली मुंबईत प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप उभा राहिला. गोव्याचे सुझा, अमरावतीकडचे गाडे, शिल्पकार बाकरे, मध्य प्रांतातून आलेले रझा, आरा आणि हुसेन. यांत चित्रकार कोण आणि पेंटर कोण? आरा सिकंदराबादजवळच्या बोलारमचे, लहानपणीच मुंबईला पळून आले, घरकाम केलं, गाड्या पुसल्या. हुसेन पंढरपूरला जन्मले आणि मुंबईत सिनेमाची होर्डिंग रंगवून पोट भरलं. वीस-वीस फुटांचा चेहरा शिडीवर बसून रंगवायचा, आणि जवळून तो चेहरा दिसतच नाही, फक्त रंगाचे पट्टे दिसतात. हुसेनच्या रेषेतला तो बेधडकपणा कॅफे आणि गॅलरीतून आला असं मला कधीच वाटलं नाही. तो शिडीवरून आला आहे. मार्च २०२५ मध्ये त्यांचं १९५४ चं 'ग्रामयात्रा' न्यूयॉर्कच्या लिलावात सुमारे ११८ कोटी रुपयांना गेलं, त्याची बातमी आपल्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर अभिमानाने फिरली. किंमत मोठी आहे, पण तिने आपल्या प्रश्नाचं उत्तर मिळत नाही. जमिनीच्या भावावरून शेतीला अर्थ उरला की नाही हे ठरत नाही. चाकणच्या लोकांना हे समजावून सांगायची गरज नाही.

उत्तराच्या सगळ्यांत जवळ मला तैयब मेहता नेतात. दाऊदी बोहरा कुटुंबातले, जन्म १९२५. फाळणीच्या दंगलीत मोहम्मद अली रोडवरच्या घराच्या खिडकीतून त्यांनी खाली रस्त्यावर एका तरुणाला जमावाने ठार मारताना पाहिलं. ते दृश्य त्यांच्या चित्रांतून शेवटपर्यंत गेलं नाही. दुसरं दृश्य वांद्र्याच्या कत्तलखान्यातलं, पाय बांधलेल्या बैलाचं. १९७० साली तिथे त्यांनी 'कूडल' या लघुपटासाठी चित्रीकरणही केलं. पण सुरुवातीच्या वर्षांत त्यांची माणसं जाड, खडबडीत रंगाच्या थरांत बुडालेली असायची. वेदना होती आणि ती रंगाखाली दबायचीही.

१९६८ मध्ये रॉकफेलर शिष्यवृत्तीवर ते न्यूयॉर्कला गेले. तिथे बार्नेट न्यूमनचे प्रचंड सपाट रंगाचे कॅनव्हास पाहिले. त्या सपाटीत माणूस नाही, गोष्ट नाही, ब्रशचा माग नाही. आधुनिकतावाद ज्या टोकाला येऊन 'आता पुढे काही नाही' म्हणत होता, ते हेच टोक. तैयबनी ते टोक घेतलं आणि घरी आणलं. रंग सपाट केला, कडा धारदार केल्या, कॅनव्हासवर वरून खाली एक तिरकी फाट पाडली, आणि त्या सपाटीत तोच पडणारा माणूस ठेवला. आता त्याला टेकायला खडबडीत पृष्ठभागही नव्हता. डोकं एका पट्ट्यात, हात दुसऱ्यात, आणि मधल्या फटीचं काय करायचं ते बघणाऱ्याने ठरवावं.

न्यूमनला जिथे शेवट दिसला असेल तिथे मोहम्मद अली रोडच्या माणसाला जागा सापडली. ज्यांच्याकडे सांगायचं राहिलेलं असतं त्यांच्यासाठी माध्यम संपलं असं दुसऱ्याने जाहीर करून चालत नाही, एवढं मला त्या चित्रांतून कळतं. आणि ते फोटोने झालं नसतं. दंगलीचे फोटो आपण आयुष्यभर बघत आलोय. फोटोतला माणूस पडून झालेला असतो. तैयबचा अजून पडतो आहे.

गायतोंडे या बाबतीत अगदी उलटे. नागपूरला जन्मलेले, जेजेत शिकलेले, माणूस चित्रातून पूर्ण काढून टाकलेले. पण त्यांचं हत्यार पाहा. रोलर आणि पॅलेट नाइफ. थरावर थर लावायचा, मग काही थर उचलून काढायचा, खालचा उजेड वर येऊ द्यायचा. वर्षाला मोजकीच चित्रं. आमच्याकडे ईडीच्या टाकीपासून क्लिअर कोटपर्यंत सगळे थर मिळून शंभर-सव्वाशे मायक्रॉन भरतात आणि एकही थर दिसू नये ही अट असते. गायतोंड्यांच्या चित्रात नेमके तेच दिसतात. आणि प्रभाकर बरवे तर चक्क एनॅमल रंग वापरायचे, लोखंडी खिडकीला लावतात तो. मामूंच्या पिशवीतला डबा आणि 'कोरा कॅनव्हास' लिहिणाऱ्या बरव्यांचा डबा एकाच दुकानातला असू शकला असता.

या सगळ्यांत आमच्या पट्ट्यातला माणूस कुठे आहे, असं कुणी विचारेल. तो सुधीर पटवर्धनांच्या चित्रांत आहे. पटवर्धन पुण्यात जन्मलेले, एएफएमसीतून डॉक्टर झालेले आणि तीस वर्षं ठाण्यात क्ष-किरण तज्ज्ञ म्हणून काम केलेले. इराण्याच्या हॉटेलात बसलेला कामगार, लोकल, पुलाखालची वस्ती, उल्हासनगर, लोअर परळ. जगभर चित्रकार चित्र सोडून मांडणशिल्प आणि व्हिडिओकडे जात होते त्या काळात हा माणूस शिफ्ट सुटलेली माणसं रंगवत होता. २००८-०९ मध्ये त्यांनी समकालीन कलेचं एक प्रदर्शन महाराष्ट्रात मुंबईबाहेरच्या शहरांत फिरवण्यासाठी पुढाकार घेतला, हेही मला चित्रांइतकंच महत्त्वाचं वाटतं.

आपल्या घरांत तस्वीर जायज की नाजायज हा वाद आधुनिकतावादाच्या कितीतरी आधीचा आहे. मी त्यात फतवा द्यायला बसलेलो नाही. मामू नमाजी होते आणि गणेश मंडळाचे पडदेही रंगवायचे. विचारलं तर म्हणायचे, 'बेटा, नियत आणि मजुरी दोन्ही साफ पाहिजे.' मला त्या वादातली एक गोष्ट लक्षात येते. चित्राला मनाई करणारा माणूस चित्राला निरर्थक मानत नाही. उलट, गॅलरीत हातात ग्लास घेऊन पाठमोरं उभं राहणाऱ्यापेक्षा तो चित्राला जास्त घाबरतो.

हुसेनच्या बाबतीत हे आपण डोळ्यांनी पाहिलं. १९७० च्या दशकातली चित्रं १९९६ मध्ये एका हिंदी मासिकाने उकरून काढली, खटले भरले गेले, १९९८ मध्ये मुंबईतल्या घरावर हल्ला झाला. २००६ मध्ये ते देश सोडून गेले. मे २००८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने त्यांच्यावरचे खटले रद्द केले, तरी परतणं झालं नाही. २०१० मध्ये कतारचं नागरिकत्व, २०११ मध्ये लंडनमध्ये मृत्यू. आणि २००४ मध्ये 'मीनाक्षी' सिनेमातल्या गाण्यावरून आक्षेप घेतले ते आपल्यातल्याच संघटनांनी, हे आपण सोयीस्करपणे विसरतो. हुसेनने तो सिनेमा चित्रपटगृहांतून काढून घेतला.

याहून जुनं उदाहरण पुण्यातच आहे. अहमदनगरच्या हुसेन निजामशहाच्या पराक्रमावर आफताबी नावाच्या कवीने 'तारीफ-ए-हुसेनशाही' हे फारसी काव्य रचलं, १५६५ च्या तालिकोटच्या लढाईनंतर लगेच. त्याची सचित्र प्रत भारत इतिहास संशोधक मंडळात आहे, आणि दख्खनी चित्रकलेच्या सर्वांत जुन्या नमुन्यांत ती मोजली जाते. चित्रांत राजाशेजारी राणी खुंजा हुमायूं बसलेली होती. दरबारी चित्रात राणीला अशी जागा मिळणं त्या काळी विरळाच. हुसेनशहा वारला, राणीने मुलाच्या नावाने कारभार केला, आणि १५६९ मध्ये त्याच मुलाने, मुर्तजाने, तिला कैदेत टाकलं. पुढे कुणीतरी ही पोथी उघडली आणि अनेक चित्रांत राणीवर रंग फासला. राजा तसाच ठेवला, गादी-तक्के ठेवले, फक्त ती झाकली. अभ्यासक याचा संबंध तिच्या पतनाशी लावतात.

जी बाई आधीच कैदेत होती, तिला एका पोथीतून पुन्हा घालवण्यासाठी कुणीतरी ब्रश हातात घेतला. चाकणचा किल्ला आणि हा मुलूख तेव्हा याच निजामशाहीत होता. चाकणहून सदाशिव पेठ तीस-पस्तीस किलोमीटर, मोशीला ट्रॅफिक लागला तर दोन तास.