भाड्याच्या खोलीची शंभर वर्षे

परप्रांती नोकरी करणाऱ्या आम्हां मराठी मंडळींचे घराशी नाते दुहेरी असते. इकडे आम्ही भाडेकरू. आणि पै-पै साठवून पुण्यामुंबईस घेतलेली जागा कुलपात ठेवण्यापेक्षा भाड्याने द्यावी, असे मनात आणणारे नवे घरमालकही आम्हीच. या दुसऱ्या भूमिकेत शिरण्यापूर्वी मुंबईतील भाड्याच्या खोलीचा इतिहास नजरेखालून घालणे हिताचे ठरेल.

१८५४ नंतर मुंबईत गिरण्या उभ्या राहिल्या आणि कोकण-घाटावरून माणसे पोटामागे आली. त्यांना निवारा हवा होता, पैसेवाल्यांना उत्पन्न. या दोन गरजांतून चाळ जन्मास आली. थोड्या जागेत पुष्कळ खोल्या, सामाईक नळ, सामाईक शौचकूप. हिशेब सोपा होता. पण त्यात हवा, उजेड आणि दुरुस्ती यांना रकाना नव्हता. ती चूक १८९६ च्या प्लेगने उघडी पाडली.

१९२० नंतर सरकार स्वतःच घरमालक झाले. विकास खात्याने वरळी, नायगाव, शिवडी आणि डिलाइल रोड येथे चाळी बांधल्या. संकल्प ५० हजार खोल्यांचा होता. तो १६ हजारांच्या आसपास थांबला. बांधलेल्या खोल्यांपैकीही कितीतरी आरंभी ओस राहिल्या, कारण ते भाडे कामगाराला पेलवेना. पाठीशी सरकारी खजिना असला तरी भाडेकरूची ऐपत चुकवून चालत नाही.

पुढे कायदा आला. १९४७ च्या अधिनियमाने जुन्या जागांचे भाडे १ सप्टेंबर १९४० च्या पातळीस जखडले. त्यामुळे आमच्यासारखे कितीएक कारकून रस्त्यावर येण्यापासून वाचले, हे विसरणे कृतघ्नपणाचे होईल. पण महागाई वाढत गेली आणि भाडे जागच्या जागी राहिले. मग मालकाने दुरुस्तीवरून हात काढला, पागडी बोकाळली, आणि मोडकळीस आलेल्या इमारतींसाठी १९६९ मध्ये दुरुस्ती मंडळाचा कायदा करावा लागला. मालकांनी 'लिव्ह अँड लायसन्स'ची वाट शोधली. तर १ फेब्रुवारी १९७३ रोजी ताबा असलेल्या परवानाधारकांनाही कायद्याने भाडेकरूंचा दर्जा दिला.

गोठविलेल्या भाड्याची ही व्यवस्था कालांतराने अवाजवी झाल्याचे सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये म्हटले. त्यानंतर आलेल्या १९९९ च्या कायद्याने भाड्यात दरसाल चार टक्के वाढ मान्य केली आणि करार लेखी व नोंदणीकृत असण्याची सक्ती केली. नोंदणी नसेल, तर अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते, जोवर ते खोटे ठरत नाही.

म्हणून दूरच्या गावी बसून 'माणूस ओळखीचा आहे, कागद कशाला?' असे म्हणू नये. भाडेकरूची ऐपत, घराची दुरुस्ती आणि नोंदलेला कागद यांपैकी एकही सुटले, तर उत्पन्न सुटते. आणि भाडे ठरविताना आपणही कुठेतरी कुणाचे भाडेकरू आहोत, एवढे स्मरण असावे.