अवकाशातील कचरा : मोजमाप आणि व्यवस्थापन

चंद्रपूर जिल्ह्यातील सिंदेवाही तालुक्यात २ एप्रिल २०२२ रोजी रात्री आकाशातून धातूचे अवशेष कोसळले. लाडबोरी गावात सुमारे तीन मीटर व्यासाचे कडे सापडले, तर परिसरात धातूचा गोलही आढळला. त्याच सुमारास महाराष्ट्र आणि मध्य प्रदेशच्या अनेक भागांतून आकाशात प्रकाशाचे पट्टे दिसले होते. प्रथमदर्शनी हा उल्कावर्षाव असल्याचा अनेकांचा समज झाला. मात्र हे अवशेष फेब्रुवारी २०२१ मध्ये प्रक्षेपित झालेल्या चीनच्या 'चँग झेंग ३बी' अग्निबाणाच्या टप्प्याचे असावेत, असे खगोलशास्त्रज्ञ जोनाथन मॅकडॉवेल यांनी सांगितले.

कचरा किती?

निकामी उपग्रह, अग्निबाणांचे रिकामे टप्पे आणि स्फोट वा टकरीतून उडालेले तुकडे यांना अवकाशातील कचरा म्हणतात. युरोपीय अवकाश संस्थेच्या २०२५ च्या अहवालानुसार, कार्यरत उपग्रह धरून सुमारे ४० हजार वस्तूंचा माग घेतला जातो. एक सेंटिमीटरहून मोठ्या तुकड्यांची संख्या १२ लाखांहून अधिक असल्याचा या संस्थेचा अंदाज आहे.

पृथ्वीलगतच्या कक्षेत या वस्तूंचा वेग सेकंदाला सात किलोमीटरहून अधिक असतो. त्यामुळे लहानसा तुकडाही उपग्रह निकामी करू शकतो. १० फेब्रुवारी २००९ रोजी 'इरिडियम ३३' हा उपग्रह आणि रशियाचा निकामी 'कॉसमॉस २२५१' यांची टक्कर होऊन दोन हजारांवर तुकडे विखुरले.

सुमारे ६०० किलोमीटरखालील वस्तू वातावरणाच्या घर्षणाने काही वर्षांत खाली येतात. ८०० किलोमीटरवर हा काळ शतकांचा असतो. खाली येताना जळणाऱ्या धातूंचाही प्रश्न आहेच. स्थितांबरातील सुमारे १० टक्के मोठ्या गंधकाम्ल कणांत उपग्रह व अग्निबाणांतील ॲल्युमिनिअमसारखे धातू आढळल्याचे २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात म्हटले आहे.

जबाबदारी कोणाची?

१९७२ च्या आंतरराष्ट्रीय दायित्व करारानुसार, भूपृष्ठावर झालेल्या हानीची भरपाई प्रक्षेपण करणाऱ्या देशाने द्यावयाची असते; त्यासाठी त्याची चूक सिद्ध करावी लागत नाही. कक्षेतील टकरीबाबत मात्र चूक सिद्ध होणे आवश्यक ठरते. कचरा कमी करण्याविषयी संयुक्त राष्ट्रांनी २००७ मध्ये मार्गदर्शक तत्त्वे स्वीकारली, परंतु ती बंधनकारक नाहीत.

भारताचे प्रयत्न

भारतीय अवकाश संशोधन संस्थेने (इस्रो) जुलै २०२२ मध्ये बेंगळुरू येथे अवकाशातील सुरक्षित व शाश्वत कामकाजासाठी स्वतंत्र केंद्र सुरू केले. तेथे संभाव्य टकरींचा अंदाज घेतला जातो आणि गरज भासल्यास उपग्रहाचा मार्ग बदलण्यात येतो.

'मेघा-ट्रॉपिक्स-१' हा २०११ मध्ये सोडलेला उपग्रह ७ मार्च २०२३ रोजी नियंत्रितपणे प्रशांत महासागरावर उतरविण्यात आला. सुमारे ८६७ किलोमीटर उंचीवरील हा उपग्रह अन्यथा शंभराहून अधिक वर्षे कक्षेत राहिला असता. शिल्लक असलेल्या सुमारे १२५ किलो इंधनामुळे ही मोहीम शक्य झाली. 'कार्टोसॅट-२' हा उपग्रहही १४ फेब्रुवारी २०२४ रोजी वातावरणात नष्ट करण्यात आला.

२०३० पर्यंत सर्व भारतीय मोहिमा कचरामुक्त करण्याचे उद्दिष्ट भारताने एप्रिल २०२४ मध्ये जाहीर केले. त्यासाठी मोहिमेच्या अखेरीस लागणारे इंधन आधीपासूनच राखून ठेवावे लागते, आणि तेवढ्या प्रमाणात उपग्रहाचे कार्यरत आयुष्य घटते. कक्षा स्वच्छ राखण्याची ही किंमत प्रत्येक देशाने मोजल्याखेरीज सिंदेवाहीसारख्या घटना टळणार नाहीत.